बाळंतपणाची तयारी आणि कामगाराचे घर

ठाणे-बेलापूर पट्ट्यात संघटनेचे काम करताना आमची तीस वर्षे गेली. बोनस, वेतनकरार, कंत्राटदाराने बुडविलेला भविष्यनिर्वाह निधी, यांपैकी कोणत्याही विषयावर आम्हाला झोपेतून उठवून उभे केले तरी आम्ही तासभर बोलू. परंतु यंदा आम्ही बाळंतपणावर बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा आमच्याच कचेरीत हशा पिकला. “भाऊ, हा विषय डॉक्टरीणबाईंचा,” असे एक सहकारी म्हणाले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रसूती पार पाडणे हे डॉक्टरांचे व परिचारिकांचे काम. पण त्याआधीचे नऊ महिने बाई आपल्या घरात असते, आणि त्या नऊ महिन्यांत घराने काय करावे याचा विचार आम्ही स्वतः फार उशिरा केला.

तो उशीर कसा झाला हे आधी सांगून टाकतो. आमचे पहिले अपत्य जन्मले त्या रात्री आम्ही एका कारखान्याच्या दारात वाटाघाटींसाठी बसलो होतो. पहाटे इस्पितळात पोहोचलो तेव्हा मुलगी झालेली होती. मंडळींनी रात्रभर एकटीने कळा सोसल्या होत्या. ओरडल्या की दटावणी होई, आणि पाणी मागितले तर “आता काही प्यायचे नाही” असे उत्तर मिळे. त्यांनी तेव्हा चकार शब्द काढला नाही. पुढे त्याच मुलीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी सहज बोलून गेल्या, “कळांचे काही नव्हते हो. अजून किती वेळ, आता पुढे काय होणार, हे कोणी सांगत नव्हते, त्याचीच भीती वाटली.” मालकाचा ताळेबंद पाठ केल्याशिवाय आम्ही कधी वाटाघाटीस बसलो नाही. घरच्या माणसाला मात्र आम्ही काहीएक न सांगता आत पाठविले होते.

ही भीतीची गोष्ट काही डॉक्टरांनी पूर्वीच ओळखली होती. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी 1933 साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: भीतीने अंग आखडते, आखडलेल्या अंगाला कळ अधिक दुखते, आणि अधिक दुखले की भीती आणखी वाढते. आज शरीरशास्त्रही याला बरेचसे दुजोरा देते. गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणारा ऑक्सिटोसिन हा स्राव निवांतपणात चांगला सुटतो, आणि घाबरल्यावर सुटणारा अॅड्रिनलिन त्याच्या कामात अडथळा आणतो.

दुसरे नाव फर्नांद लामाझ यांचे. हे फ्रेंच डॉक्टर 1951 साली सोव्हिएत रशियात गेले. तेथे पावलोव्ह यांच्या सिद्धांतावर आधारलेली प्रसूतीची पद्धत त्यांनी पाहिली आणि 1952 पासून ती पॅरिसमध्ये चालविली. ज्या इस्पितळात चालविली ते कोणाचे? धातुकामगारांच्या युनियनचे! हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक बाजूला ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कामगारांच्या बायकांना गर्भारपणातच वर्ग घेऊन शरीरात काय घडते ते शिकवीत, श्वासाचा सराव करून घेत, आणि नवऱ्यालाही सोबत बसवीत. त्या पद्धतीला ‘वेदनारहित प्रसूती’ असे नाव पडले. ते नाव आम्हाला पसंत नाही. वेदना नाहीशी होते असे सांगून बाईला आत पाठवायचे आणि मग कळ आली की ती आपल्यालाच दोष देणार. वेदना असते, ती ओळखीची करून घेता येते, एवढेच म्हणावे.

आपल्याकडेही कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा विचार नवा नाही. परळच्या गिरणगावात 1926 साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. 1928 साली मुंबईच्या कायदे मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर बाईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. 1929 साली कायदा झाला. बाबासाहेबांनी ‘आधी’ हा शब्द घातला तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. आठव्या महिन्यात जी बाई तुर्भ्याच्या गाळ्यात आठ तास उभी राहून पॅकिंग करते, तिला संध्याकाळी श्वासाचा सराव करायला सांगणे ही थट्टा आहे. 1961 च्या कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा झाली. त्यांतले 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद घेतली आहे. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरले असले की हक्क लागू होतो. कंत्राटी बाईंना हे ठाऊक नसते, आणि कंत्राटदार सांगत नाही. हजेरीची नोंद जपून ठेवणे हीसुद्धा बाळंतपणाची तयारीच होय.

आता शरीरात काय होते ते थोडक्यात. गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडत 10 सेंटिमीटरपर्यंत जाते. पहिले 5 सेंटिमीटर होईपर्यंत पुष्कळ वेळ लागू शकतो. त्यात बिघडले काही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट सांगितले की, दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडक सर्वांना लावू नये. पाचानंतरचा जोराचा टप्पा पहिलटकरणीला बहुधा 12 तासांहून अधिक चालत नाही. कळ लाटेसारखी येते, चढते, ओसरते, आणि दोन कळांच्या मध्ये विश्रांती असते. ही विश्रांती घ्यायची असते हे कोणी सांगत नाही! त्या वेळात जबडा, खांदे आणि मुठी सैल सोडाव्यात. कळ चढताना घाईघाईने श्वास न घेता उच्छ्वास लांबवावा. हा सराव सातव्या महिन्यापासून रोज दहा मिनिटे नवऱ्याने शेजारी बसून करावा. धोका नसेल तर बाईला चालू द्यावे, उभे राहू द्यावे, कुशीवर वळू द्यावे, पाणी व हलके अन्न द्यावे, असेही संघटनेची मार्गदर्शिका सांगते. आमच्या मंडळींना नाकारलेले ते पाणी आम्हाला येथे आठवले.

सोबतीचे महत्त्व तर अनेक पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. बाईजवळ अखंड कोणी आश्वासक माणूस असेल तर कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते. भारत सरकारने 2016 साली सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस मान्यता दिली. मुख्यतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली स्त्री असावी, आणि आडोशाची सोय असेल तेथे नवराही चालेल, असे त्यात आहे. तरीही आपल्या इस्पितळात काय रीत आहे हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून घ्यावे. ऐन वेळी दारावरच्या रखवालदाराशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक!

सोबतीण निवडतानाही तारतम्य हवे. डोहाळजेवणात ओटी भरून झाली की बायका एकेकीच्या अवघड बाळंतपणाच्या कथा रंगवून सांगतात, आणि मध्ये बसलेल्या पोरीचा चेहरा उतरत जातो. अशी कथेकरीण कितीही जवळची असली तरी आत पाठवू नये.

नवी मुंबईच्या घरांची आणखी एक अडचण आहे. आपल्या माथाडी बांधवांची घरे मूळची जावळी-पाटणकडची. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज. सातव्या महिन्यात पोर घाट चढून गावी जाते, आणि तिची तपासणी येथे वाशीला किंवा नेरूळला झालेली असते. रिवाज वाईट नाही; आईच्या हाताखाली मन शांत राहते. पण माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचे कागद तिच्या पिशवीत गेलेच पाहिजेत. गावाजवळ रात्री प्रसूती करणारे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणारे इस्पितळ कोठे आहे, 102 किंवा 108 ची गाडी वाडीपर्यंत येते की रस्त्यावर थांबते, हे जावयाने स्वतः जाऊन पाहावे. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. अशक्त शरीराला धीराचा उपदेश पुरत नाही.

नैसर्गिक प्रसूती म्हणजे इस्पितळ टाळणे, असा समज अलीकडे काही सुशिक्षित घरांतही दिसतो. तो आम्हाला घातक वाटतो. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर कळांची वाट न पाहता निघावे. दुसऱ्या बाजूने, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खाजगी इस्पितळांतली 47.4 टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. सरकारी इस्पितळांत हेच प्रमाण 14.3 टक्के होते. एवढी तफावत केवळ शरीराच्या गरजेने पडली असेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणून शस्त्रक्रिया सुचविली की “कशासाठी? थांबल्यास धोका कोणता?” एवढे नम्रपणे विचारावे. कारण पटले तर क्षणभरही अडू नये, आणि पुढे त्या बाईला “तुला जमले नाही” असे कोणी ऐकवू नये.

आमच्या मुलीच्या वेळी मंडळी आत गेल्या. आम्ही आणि जावईबापू बाहेर बाकावर. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघे रात्री साडेअकराला त्या इस्पितळात जाऊन आलो होतो. समोरचा मोठा दरवाजा रात्री बंद असतो आणि आत जायला मागची बाजू, हे तेव्हाच कळले. मंडळी अधूनमधून बाहेर येऊन सांगत, “सहा झाले... आता आठ.” बाळ जन्मताच आईच्या छातीवर ठेवले, नाळ लगेच कापली नाही, तासाच्या आत अंगावर पाजले, हे सारे त्यांनीच नंतर सांगितले. त्या रात्रीही आमची एक बैठक होती. तेथे सहकाऱ्याला पाठविले होते, आणि करार त्याने आमच्यापेक्षा बरा केला.