सहा मीटर सपाट जागा

धडगाव तालुक्यात पाड्यापाड्यावर म्हाताऱ्या माणसांची नजर तपासत फिरताना पहिली अडचण येते ती जागेची. दृष्टी मोजायला सहा मीटर अंतर लागतं, आणि सातपुड्यात तेवढं सपाट अंगण सहजी मिळत नाही. ज्याचं शेत जिथं, त्याचं घर तिथं: एक टेकडीच्या या सोंडेवर, दुसरं नाल्यापलीकडे. दोरीचं एक टोक आजीपाशी धरायचं, दुसऱ्या टोकाला तक्तेवाला उतारावर पाय रोवून उभा. तक्ता तिच्या डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून कधी त्याला दगडावर चढवावं लागतं.

त्याआधी वयाचा घोळ. पाहणीत पन्नाशी ओलांडलेलेच घ्यायचे असतात, कारण अंधत्वाचा मोठा वाटा याच वयात असतो आणि त्यामुळे थोडी माणसं तपासूनही जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो. पण आधार कार्डावर ज्याची त्याची जन्मतारीख १ जानेवारी. मग आशाताई पावरीतून विचारतात, ‘मणिबेलीत धरणाचं पाणी शिरलं तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? पोरं किती होती?’ ते साल १९९३. तेव्हा दोन पोरं कडेवर असतील, तर पन्नाशी नक्की उलटली.

तक्त्यावर अक्षर एकच, इंग्रजी ई. लिहितावाचता येण्याची गरज नाही. त्याचे दाते कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचं. पाचपैकी चार वेळा बरोबर आलं पाहिजे. नातवंडं मात्र आजीला नापास होऊ देत नाहीत. तिच्या मागे उभी राहून कुजबुजतात, एखादं तर सरळ तिचा हात धरून वळवतं. म्हणून सगळ्यांना आधी तक्तेवाल्याच्या पाठीमागे पिटाळायचं, तिथून अक्षर दिसत नाही. मोठं अक्षर सहा मीटरवरून दिसलं नाही तर तीन मीटरवर यायचं. चांगल्या डोळ्यालाही तिथून दिसलं नाही तर फॉर्मवर ‘अंध’. ही रेषा आपल्याकडे २०१७ साली ठरली. त्याआधी सहा मीटरवरून न दिसणाराही अंधच धरत. त्यामुळे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून ‘अंधत्व घटलं’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

नजर कमी भरली की बारीक भोकांची काळी पट्टी डोळ्यापुढे धरतात. तिच्यातून नीट दिसलं तर बहुधा प्रश्न चष्म्याचा. नाही तर विजेरी घेऊन घरात शिरायचं. कुडाच्या भिंतींआड अंधार असतो आणि तिथं डोळ्याची बाहुली आपोआप मोठी होते, औषधाचा थेंब लागत नाही. मोतीबिंदू पिकला असेल तर काळ्या बाहुलीच्या जागी दह्यासारखं पांढरं दिसतं.

अशा दोन पांढऱ्या बाहुल्या घेऊन एक आजी चुलीपुढे बसल्या होत्या. विजेरी विझल्यावर त्यांनी न चाचपडता मिठाचा डबा उचलला, फुंकणी घेतली, जाळ केला. सून म्हणाली, ‘हिचं काही अडत नाही.’ ऑपरेशन का केलं नाही, हा फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरांत एक ठरीव रकाना असतो: ‘गरज वाटली नाही’. आम्ही तिथं खूण करणार होतो. आशाताईंनी आणखी थोडं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मुलगा ऊसतोडीला गुजरातेत, सुनेचं पोर अंगावर पितं, आणि रस्त्यापर्यंतची उतरण एकटीने उतरायची आजींची टाप नाही. गरज होती, सोबत नव्हती. खूण दुसऱ्या रकान्यात गेली.

सगळ्यात कटकटीचं काम घरी नसलेल्यांचं. मोह पडायला लागला की ज्याला दिसतं तो पहाटेच झाडाखाली जातो. घरी उरतो तो न दिसणारा. सापडले तेवढेच मोजले तर आकडा फुगतो. नेत्रशिबिरात नेमकं उलट होतं: ज्याला बिलकुल दिसत नाही तो तिथवर पोचतच नाही. म्हणून चिठ्ठी टाकून निवडलेल्या भागात पन्नास माणसं भरेपर्यंत ओळीने एकेक घर घ्यायचं आणि बंद घरी संध्याकाळी पुन्हा जायचं. तरीही माणूस भेटला नाही तर शेजाऱ्यांकडून कळेल ते वेगळं नोंदवायचं, तपासलेल्यांत मिसळायचं नाही. डोंगर पुन्हा चढायचा कंटाळा आला की आकड्यात खोट आलीच.

२०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभरातली जवळपास दोन माणसं अंध निघाली आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश अंधत्वाचं कारण मोतीबिंदू होतं. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेने बहुतेकांना परत दिसू लागेल असं. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, हे या पाड्यांवर ठाऊक आहे. तरी माणसं खाली येत नाहीत.

तेव्हा नेत्रशिबिरं भरवणाऱ्यांना एवढीच विनंती: मोहाच्या दिवसांत तारीख धरू नका, आणि पत्रकावर पाहुण्यांच्या नावांआधी दोन गोष्टी छापा. पाड्यापर्यंत गाडी कोण आणणार आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार.