सॉफ्टनर बसवूनही पांढरे डाग का?

दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेले बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम नळांवर, गीझरमध्ये आणि पाणी उकळण्याच्या पातेल्याच्या तळाशी साचत जातात. नित्य उकळलेलेच पाणी पिणाऱ्या घरांना हा पांढरा थर विशेष परिचयाचा. म्हणून अनेक कुटुंबे सॉफ्टनर बसवितात. तरीही फरशीवर डाग दिसले की यंत्र निकामी ठरते आणि रेझिन बदलण्याचा खर्च माथी येतो. हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो, कारण सगळे पांढरे डाग एका जातीचे नसतात.

सॉफ्टनर क्षार काढून टाकीत नाही, त्यांची अदलाबदल करतो. रेझिनचे मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मोबदल्यात सोडियम देतात. एकूण विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळे टीडीएस मीटर बुडवून सॉफ्टनरची परीक्षा घेणे म्हणजे तराजूने कापडाची लांबी मोजण्यासारखे आहे. जडपणा मोजण्याचा, थेंब टाकून रंग पाहण्याचा, वेगळा संच बाजारात मिळतो.

डाग ओल्या फडक्याने सहज पुसला गेला, तर तो सोडियमच्या क्षाराचा. पाणी सुकले की तो राहणारच, यंत्रात दोष नाही. पाण्याने न जाता व्हिनेगरने बुडबुडे येऊन सुटला, तर तो चुन्याचा. कपड्यांवरची पांढरी पूड मात्र बहुधा साबणाची असते: मृदू पाण्यात साबण कमी लागतो, पण घरातले माप जुनेच चालू राहते.

चुन्याचा नवा थर धरत असेल तर प्रथम बायपासचा कॉक पाहावा. दुरुस्तीनंतर तो उघडाच राहून जातो. मग मिठाची टाकी. ती वरून भरलेली दिसते, पण दमट हवेत मिठाचा घट्ट पापुद्रा धरतो व खाली पोकळी राहते. लाकडी दांड्याने तो हलकेच फोडावा. मातकट खडे मीठ स्वस्त पडते, परंतु त्याचा गाळ टाकीत व झडपांत बसतो.

टँकरचे पाणी सुरू झाले असल्यास हिशेब नव्याने मांडावा. लिटरला ४०० मिलिग्रॅम जडपणा असताना जे यंत्र मिठाच्या दोन धुण्यांमध्ये २४०० लिटर पाणी देत होते, ते ८०० मिलिग्रॅमला १२०० लिटरच देईल. पुढचे सारे पाणी जडच येते आणि दोष यंत्राला लागतो.

पाणी खारट लागले, तर मिठाच्या धुण्यानंतरची खळखळ अपुरी झाली आहे. निचऱ्याची नळी तुंबली आहे काय ते पाहावे. नळातून तपकिरी-पिवळे बारीक मणी येऊ लागले, तर आतली जाळी फुटली आहे. तेथे कारागीरच हवा.

एक गोष्ट डागांहून महत्त्वाची. जडपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे लिटरभर पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ५०० मिलिग्रॅम जडपणाला ते २३० होते. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल, तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या नळीवरून घ्यावा किंवा ते पाणी आरओमधून न्यावे. मिठाच्या धुण्याचे पाणी कुंड्यांना घालू नये, झाडे करपतात.