दवेलाही सोबत लागते

रमजान सुरू झाला की एक प्रश्न दरवर्षी हळू आवाजात विचारला जातो. कधी मशिदीच्या इमामसाहेबांना, कधी औषधाच्या दुकानात, तर कधी शिकलेल्या नातेवाइकाला बाजूला घेऊन. ‘गोळ्या चालू आहेत, रोजा ठेवला तर चालेल का?’ गोळ्या साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या असतील तर माणूस मोकळेपणाने विचारतो. मनाच्या आजाराच्या असतील तर गोळीचे नावही घेत नाही, ‘झोपेची आहे’ एवढेच सांगतो. पुष्कळदा तर विचारतच नाही. पहिल्या रोजापासून गोळी आपणच बंद करून टाकतो.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले डोंगरी तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा हे किल्ले आणि भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणे यांच्या अधूनमधून गावे आणि वाड्या वसलेल्या. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या अडीच लाखांच्या आतच होती. त्यात मुसलमानांची घरे थोडी आणि विखुरलेली. थोड्या घरांच्या वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणूनच घरातला मनाचा आजार, मुलाची दारू किंवा न बोलणारे लेकरू लपवण्याची धडपड इथे जास्त असते. बहिणीचे लग्न ठरायचे असते, शेजारी काय म्हणतील याची धास्ती असते. त्यात पुणे जिल्ह्यात ‘येरवडा’ हे नावच असे झाले आहे की ते ऐकून माणसाला तुरुंग तरी आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. ‘तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे’ हे वाक्य आपण हसत बोलतो. ज्याच्या घरात खरोखर आजार आहे, त्याला ते हसू लागते.

लपवून ठेवायला इस्लामने मात्र सांगितलेले नाही. रोजा फर्ज करणाऱ्या कुरआनातच आजाऱ्याला सवलत दिली आहे. आज जमत नसेल तर पुढे बरे झाल्यावर ते दिवस भरून काढावेत, अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कष्ट नव्हेत, असा त्या आयतीचा आशय आहे. आजार कायमचा असेल तर फिदया, म्हणजे सुटलेल्या प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण. ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावर तर जबाबदारीच नाही. भान येईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद होत नाही, अशी हदीस आहे. आजार शरीराचा असेल तरच ही सवलत, असे कुठेही म्हटलेले नाही.

वैद्यकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा डॉक्टर सहरी आणि इफ्तारप्रमाणे बदलून देऊ शकतात, त्यामुळे अनेकांना रोजा आणि औषध दोन्ही सांभाळता येते. पण हा निर्णय डॉक्टरांचा. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तातले लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही त्याची लक्षणे. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येते, त्यांना तरावीह आणि सहरीमुळे मोडलेली झोपसुद्धा त्रास देऊ शकते. मिरगीची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हा तकवा नव्हे. डॉक्टरांनी ‘रोजा नको’ सांगितले तर तो न ठेवणे हीच त्या रुग्णासाठी दीनची वाट आहे.

व्यसनाची गोष्ट याहून अवघड. मुसलमानाने दारू प्यावी हेच समाजाला मान्य नाही, त्यामुळे पिणारा आहे हेही मान्य होत नाही. हिंदू शेजाऱ्याच्या घरात दारू ही दुःखाची गोष्ट असते. आमच्या घरात ती दुःखाची असते आणि गुन्ह्याचीही. बायको माहेरी सांगत नाही, आई जमातीत सांगत नाही. असा माणूस रमजानमध्ये बाटली बाजूला ठेवतो, कारण या महिन्याची अदब त्याच्याही मनात असते. घर सुटकेचा श्वास घेते. आणि ईदच्या चांदरातीला तो पुन्हा पितो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली धोक्याची. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर एक-दोन दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, फिट येणे आणि पुढे भ्रम होणे, नसलेले दिसणे-ऐकू येणे असे प्रकार होऊ शकतात. त्यात जीवही जाऊ शकतो. घरचे याला ‘जिन लागला’ म्हणतात आणि नेमके तेच तास वाया जातात. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटायला हवी. दुसरी गोष्ट आशेची. जो एक महिना थांबू शकतो, त्याच्या मनात सोडायची इच्छा आहे. शराबबंदीचा हुकूमही एका दिवसात उतरला नाही. आधी तिच्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजच्या जवळ जाण्यास मनाई झाली आणि शेवटी पूर्ण बंदी आली. माणूस पायऱ्यांनी चढतो, हे ज्याने माणूस घडवला त्याला ठाऊक आहे.

त्या पायऱ्या पुण्यात आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे निवासी उपचारांनंतर पाठपुराव्यावर भर असतो आणि व्यसनी माणसाच्या पत्नीसाठीही ‘सहचरी’ गट आहे. सातारच्या बाजूला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे. घरातून पहिला फोन करायचा असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. रमजानमध्ये थांबलेल्या माणसाला ईदनंतर नव्हे, रमजानमध्येच या दारापर्यंत न्यावे. तेव्हा तो शुद्धीवर असतो आणि त्याचे मनही नरम असते.

आता बाबा आणि दर्ग्याबद्दल. भाषेचा अभ्यासक म्हणून एक शब्द सांगतो. ‘मजनून’ हा अरबी शब्द ‘जिन’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ झाकलेला, आड गेलेला. शब्दाने एवढेच सांगितले की याची बुद्धी कशाने तरी झाकली गेली आहे. ती कशाने झाकली, याचा शोध मुसलमान वैद्यांनी हजार वर्षांपूर्वीच सुरू केला होता. ९३४ साली निधन पावलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. दुःख, भीती, राग आणि मनात घोळत राहणारे विचार यांचा त्यात स्वतंत्र विचार केला. अलेप्पो शहरात १३५४ साली बांधलेल्या अर्गुन बिमारिस्तानात मनोरुग्णांच्या खोल्या कारंज्याच्या चौकाभोवती होत्या. ‘बिमार’ हा शब्द आपण मराठीतही वापरतो. त्याच्यापुढचा ‘स्तान’ आपण विसरलो.

विसरल्याची किंमत फार मोठी आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा आहे. या कायद्यांनी दुआ बंद केलेली नाही, मार बंद केला आहे. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात तर ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि आजार ओळखून रुग्णाला तिथेच असलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतात. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, तो शोधा, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. भोरच्या भागातून कुणी मांढरदेवला जाते, कुणी दर्ग्याला. जाऊ नका म्हणून भांडण्यात अर्थ नाही. जाऊन आल्यावर डॉक्टरकडेही चला, एवढे म्हणायला हवे.

तिसरे दार मुलांचे. दीड वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, अशा लेकराबद्दल घरात म्हणतात, ‘याचे मामूही उशिराच बोलले होते.’ कधी ते खरे ठरते. पण वाट पाहण्यात जी वर्षे जातात, तीच शिकण्याची असतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात, गरज असेल तर पुढच्या केंद्रात पाठवतात. मात्र जे मूल लाजेपायी घरातच ठेवले आहे, ते या तपासणीत सापडत नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी मूल अंगणवाडीत न्या, त्या दिवशी तरी नक्की न्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही येतात. यूडीआयडी कार्ड निघाले की पुढचे मार्ग उघडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. सुरह निसामध्ये ज्यांना आपला व्यवहार सांभाळता येत नाही त्यांच्याबद्दल सांगितले आहे, की त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी नीट बोला. नीट बोलणे हेही तिथे कर्तव्यात धरले आहे.

मग जायचे कुठे? सुरुवात गावातल्या आशाताईपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय इथे जाऊन एकच प्रश्न विचारावा, ‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात?’ पुढे औंधचे जिल्हा रुग्णालय, ससून आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ती मोफत आहे, कार्ड हातात असो वा नसो. त्याच कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचाही हक्क दिला आहे, हे घाबरणाऱ्या आईबापांना जरूर सांगावे. आणि रात्री दोन वाजता मन बुडायला लागले तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येते.

हे सगळे असूनही माणूस पोहोचत नाही. देशाच्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. भोर-वेल्ह्यात त्याचा हिशोब असा मांडता येतो. वाडीवरून पायी रस्त्यापर्यंत, तिथून एसटीने स्वारगेट, पुढे शहर बसने औंध किंवा येरवडा, रांग, आणि रात्रीपर्यंत परत. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे दोन तिकिटे आणि दोघांची बुडालेली मजुरी. महिन्यातून एकदा, कित्येक वर्षे. पहिल्या दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या महिन्यात पेरणी येते, पाऊस येतो, पैसे संपतात आणि गोळी बंद होते. सहा महिन्यांनी लोक म्हणतात, ‘औषधाने काही फरक पडला नाही.’

ही तिसरी फेरी आपण सांभाळू शकतो. रमजानमध्ये जकात निघते. आपल्या जमातीतला असा रुग्ण गरीब असेल तर तो जकातीचा हकदार आहे. बारीक नियम आलिमांना विचारावेत. सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो, आणि शेजारच्या मराठा किंवा महादेव कोळी घरातली अडचण हीच असते. एका घराने एका रुग्णाचे वर्षभराचे एसटीभाडे उचलावे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने महिन्यातला एक दिवस द्यावा आणि रुग्णाबरोबर रांगेत बसावे. इमामसाहेबांनी एका जुम्याच्या बयानात गोळी आणि रोजा यावर दहा मिनिटे बोलावे, म्हणजे हळू आवाजातला तो प्रश्न मोठ्याने विचारता येईल.

पुण्याहून आपल्याकडे येताना खेड शिवापूरला कमर अली दरवेश यांचा दर्गा लागतो. अकरा जणांनी एकेक बोट लावून तिथला दगड उचलायचा, हा प्रघात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या आजाराचे ओझे मात्र बहुतेक घरांत एकटी आई उचलत असते. आणखी चार-पाच बोटे तिला मिळाली तरी पुरे. यंदा फितऱ्याचा हिशोब करताना आपल्या मोहल्ल्यातले असे एक घर आठवावे, आणि शव्वालमधली त्यांची डॉक्टरची तारीख कोणती आहे, ते ईदच्या आधीच विचारून ठेवावे.