खाचरातला आखाडा आणि खासबागेचा दगड

चैत्र लागतो तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडची भाताची खाचरं मोकळी पडलेली असतात. इंद्रायणी भाताची कापणी दिवाळीच्या पुढेमागे उरकलेली असते आणि पुढचं काम पावसाच्या तोंडावर. जत्रेच्या दिवशी गावाजवळच्या अशाच एखाद्या खाचरात नांगर फिरतो, ढेकळं फुटतात, दगडगोटे वेचले जातात, मातीवर पाणी शिंपडलं जातं. चारच्या सुमाराला हलगी कडाडली की माणसं जागा धरू लागतात. वरच्या खाचराचा बांध ही पहिली रांग, त्याच्या वरचा बांध दुसरी. डोंगरउतारावरच्या शेतीने प्रेक्षागार आयतं बांधून दिलेलं असतं.

मोठ्या शहरांत हेच काम अब्जावधी खर्चून होतं. लॉस एंजेलिसमध्ये १९९९ साली स्टेपल्स सेंटर उभं राहिलं आणि नंतर त्याच्याभोवती नाट्यगृह, हॉटेलं, उपाहारगृहं, सिनेमागृह अशी पेठच वसवण्यात आली. त्यामागचा हिशेब साधा होता. सामन्याला आलेला माणूस दोन तासांनी घरी जाता कामा नये. त्याने तिथेच खावं, गाणं ऐकावं, खरेदी करावी, जमल्यास मुक्कामही करावा. नगररचनाकार याला क्रीडा आणि मनोरंजनाचा परिसर म्हणतात. जत्रा पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही.

कारण जत्रेचा कार्यक्रमही माणसाला दीड दिवस धरून ठेवेल अशाच बेताने आखलेला असतो. सकाळी देवाला नैवेद्य, दुपारी पाहुण्यांची पंगत, उतरत्या उन्हात कुस्त्या, रात्री पालखीचा छबिना, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशा कलावंतांची हजेरी. या सगळ्याच्या कडेने पाळणे, खेळणी, भेळ, जिलेबी आणि उसाचा रस. घरोघरच्या पट्टीतून खर्च भागतो आणि हिशेब यात्रा कमिटीकडे असतो.

आखाड्यातली चढण पाहण्यासारखी असते. सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी, रेवड्यांवर. मग रोख इनामं. रक्कम वाढत जाते तसे पैलवानही वजनदार होत जातात आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून दर खेपेला जरा जास्तच लांबतं. आता बऱ्याच फडांवर मुलींच्याही कुस्त्या लागतात. जोड न मिळालेला पैलवान हात वर करून फडाला फेरी मारतो. गर्दीतून कुणी पुढे आलं तर पंच दोघांचं अंगमान बघून कुस्ती लावतात. चितपट झाली तर निकाली, रेंगाळली तर बरोबरीत सोडवली. शेवटची कुस्ती मानाची, तिच्यासाठी कधी चांदीची गदा. गुणफलक नसतो. पाठ टेकली की नाही, हे बांधावरच्या म्हाताऱ्यांना पंचांच्या आधी कळलेलं असतं, निदान त्यांचा तसा दावा असतो.

हा उतरत्या बांधांचा देखावा एका राजाने दगडात बांधला. कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान झालं आणि १९१२ साली ते खुलं झालं. मधोमध खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक असल्यामुळे, सुमारे तीस हजार माणसं बसली तरी मागच्यालाही डाव दिसतो. महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं आणि १९१५ साली त्याचा पडदा वर गेला. हेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. एका अंगाला मातीतली कुस्ती, दुसऱ्या अंगाला संगीत नाटक. अमेरिकेत अशा परिसरांची भाषा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात तो प्रत्यक्षात होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेल्या वास्तूसमोर रडणारे रंगकर्मी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

भोर-वेल्ह्याला सर्वांत जवळचं मोठं संकुल पुण्याच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीत आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं गेलं. तेव्हा आजूबाजूला शेतं होती. २००८ साली तिथे युवकांच्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, पुढे फुटबॉलची लीग आली, टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. दरम्यान आयटी कंपन्यांच्या मागोमाग बालेवाडीत इमारती चढल्या आणि उपाहारगृहांची एक अख्खी पेठ वसली. मात्र संकुल आणि ही पेठ यांची एकमेकांशी ओळख बेताचीच. पेठेत रोज संध्याकाळी गर्दी असते आणि स्टेडियमच्या खुर्च्या वर्षातले बरेच दिवस रिकाम्या.

रिकामे दिवस हेच जगभरच्या स्टेडियमांचं दुखणं. सामने मोजके, पण गवत, दिवे, पाणी, राखणदार बारा महिने लागतात. म्हणून मैदानं मैफिलींना दिली जातात. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, ते क्रिकेटच्याच मैदानावर.

भोर-वेल्ह्याच्या खाचराला हे दुखणं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा शेत असतं. मेख आहे ती तिथींच्या गणितात. गावोगावच्या जत्रा चैत्र-वैशाखात एकापुढे एक लागलेल्या असतात. त्यामुळे तोच पैलवान, तोच पाळणेवाला, तोच भेळवाला या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जाऊ शकतो. तमाशाचंही तसंच. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी तिथे जाऊन सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं, स्वतःचे ट्रक, कनात, रंगमंच आणि जनरेटर. शहरी संकुलात प्रेक्षक इमारतीकडे येतो, इथे इमारतच प्रेक्षकांकडे येते.

या फिरत्या व्यवस्थेला स्वतःचे धोके आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जत्रांतल्या बैलगाडा शर्यती थांबल्या, तेव्हा जिल्ह्याच्या उत्तरेकडचे खेड, आंबेगाव, जुन्नरचे शर्यतींचे घाट ओस पडले आणि तिथल्या जत्रांची रयाच गेली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला आणि घाट पुन्हा गजबजले. दुष्काळ पडला की पट्टी आटते, करोनात तर दोन वर्षं हंगामच बुडाला. पक्क्या स्टेडियमला विमा असतो. तमाशाच्या फडाला सावकाराची उचल.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तरी बोलण्यात वेल्हंच आहे. पुण्याची घरं सातारा रस्त्याने सरकत येताहेत आणि गावाशेजारची सपाट जमीन आधी विकली जाते. नेमकी तीच आखाड्याची असते. काही गावांत कुस्त्या शाळेच्या पटांगणात गेल्या आहेत. तिथे माती बाहेरून आणून पसरावी लागते आणि बसायला बांध नसल्याने मागचे लोक उभे राहतात.

बाकी गावांत अजून जुनाच रिवाज. हजेरी संपते, मानाचे फेटे बांधून होतात, कनातीचे दोर सुटतात. ट्रकवर पेट्या चढत असताना मॅनेजर कमिटीकडून उरलेली रक्कम मोजून घेतो आणि पुढच्या गावाला जायला घाट कुठला बरा पडेल, हे विचारून घेतो.