मुलांची उंची भिंतीवर मोजा

वस्तीत तपासणीला गेलो की आया आम्हाला हमखास विचारतात, "लेकरू वर्गात सगळ्यात बुटकं आहे, उंचीची पावडर देऊ का?" एखाद्याच्या दंडाला ताईतही दिसतो. आधी उंची वाढते कशी, ते समजून घेऊ.

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वाढीचे हार्मोन ती सोडते. तिला मेंदूकडून दोन हुकूम मिळतात, एक 'सोड' आणि दुसरा 'थांब'. हे हार्मोन थांबून थांबून सुटते, सर्वांत जास्त रात्रीच्या गाढ झोपेत. त्याच्यामुळे यकृत आणखी एक रसायन तयार करते आणि हाडे लांब होतात. ते रसायन पुरेसे झाले की मेंदूला निरोप जातो आणि हार्मोन कमी होते.

हे हार्मोन कमी पडणारी मुले थोडीच. बहुतेकांची उंची आईवडिलांवर गेलेली असते. काहींना पोटभर सकस अन्न मिळत नाही, काहींना थायरॉइड किंवा जुनाट आजार असतो. नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची 62.8 सेंटिमीटर, त्यांचे कारण वाढीतला जन्मजात दोष आहे. म्हणून कारण शोधल्याशिवाय औषध नाही. पावडर आणि ताईत यांनी हार्मोन वाढत नाही.

हार्मोन जास्त झाले तर मूल अवाढव्य उंच होते. मोठ्या माणसाची अंगठी, चप्पल घट्ट होऊ लागते, जबडा पुढे येतो. बहुधा ग्रंथीत गाठ असते. तेही डॉक्टरांना दाखवा.

घरी एवढे करा. दर 14 एप्रिलला आणि 14 ऑक्टोबरला मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढते. वाढ 4 पेक्षा कमी भरली तर घाटीच्या बालरोग विभागात न्या. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचे पथक येते, त्यांनाही सांगा. एकदाच रक्त तपासून निदान होत नाही. हाताचा एक्स-रे आणि वेगळ्या तपासण्या लागतात.

हार्मोन खरेच कमी असेल तर बहुधा रोज इंजेक्शन घ्यावे लागते, तेही काही वर्षे. पण वयात आल्यावर हाडांची टोके जुळली की उंची वाढत नाही. "पोरगी आहे, बुटकी राहिली तर काय बिघडलं?" असे म्हणू नका. मुलींची न वाढणारी उंची हे कधी कधी जन्मजात आजाराचे पहिले लक्षण असते. भिंतीवर मुलाच्या खुणेशेजारी मुलीचीही खूण हवी.