एकेरी तुरा पुन्हा पुन्हा का उगवतो?

वायन्डॉट ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घडवलेली कोंबडीची जात. रुपेरी पिसांना काळी किनार आणि डोक्यालगत बसलेला रुंद, दाणेदार, मागे टोक काढलेला तुरा, ही तिची ओळख. प्रदर्शनवाले या तुऱ्याला ‘रोझ कोंब’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत उंच तुऱ्याची टोके गोठून काळी पडतात. हा बुटका तुरा तग धरतो. करवतीसारखा उभा, एकेरी तुरा असलेली वायन्डॉट प्रदर्शनातून सरळ बाद होते.

म्हणून पैदासकार एकेरी तुऱ्याचे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढत आले. तरीही उबवणीतून तशी पिल्ले निघतच राहतात. पिल्लू एक दिवसाचे असतानाच कळते: चोचीच्या वर रुंद चपटी पट्टी असेल तर रोझ, बारीक उभी रेघ असेल तर एकेरी.

यातला अर्धा उलगडा जुना आहे. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवले, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. रोझ तुऱ्याचे जनुक प्रभावी आहे, त्यामुळे त्याची एकच प्रत मिळाली तरी तुरा रोझच येतो आणि एकेरीचे जनुक आड दडून राहते. समजा, कळपात शंभरात एकच पिल्लू एकेरी निघते. साध्या गणिताने त्याच कळपातले सुमारे अठरा पक्षी ते जनुक गुपचूप बाळगून असतात. नुसत्या नजरेने निवड करणाऱ्याला ते कधीच सापडणार नाहीत.

उरलेला उलगडा मला अधिक मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुऱ्याचे मूळ शोधले. सातव्या गुणसूत्राचा सुमारे ७४ लाख अक्षरांचा तुकडा उलटा फिरून बसला आहे. या उलथापालथीत एका टोकाशी एक जनुक भलत्या जागी, वाढत्या तुऱ्यात, कामाला लागले आणि तुरा पसरट झाला. दुसऱ्या टोकाशी मात्र शुक्राणूंच्या हालचालीशी संबंधित एक जनुक मोडले. दोन्ही प्रती रोझच्या असलेल्या ‘शुद्ध’ कोंबड्याचे शुक्राणू मंद पडतात. एकच प्रत असलेल्या कोंबड्याला हा त्रास नाही, त्यामुळे पिल्ले त्याची जास्त होतात. माणूस एकेरी तुरा वेचून काढतो आणि प्रजननक्षमता तो परत आणते.

तेव्हा एकेरी जनुक कळपातून समूळ उपटण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो. माद्यांना शुद्ध असण्याचा हा तोटा होत नाही, तर नेमका त्याचाच फायदा घ्यावा. रोझ तुऱ्याची कोंबडी एकेरी तुऱ्याच्या नराला लावायची. ती मिश्र असेल, तर निम्मी पिल्ले एकेरी निघणे अपेक्षित. ओळीने सात पिल्ले रोझ निघाली, तर ती मिश्र असूनही योगायोगाने तसे घडण्याची शक्यता १२८त एक. अशा शुद्ध ठरलेल्या कोंबडीला एकेरी नरापासून झालेला प्रत्येक मुलगा एकच प्रत बाळगणारा, म्हणजे प्रजननाला चांगला असतो. तो नात्याबाहेरच्या शुद्ध माद्यांवर सोडला, की सगळी पिल्ले रोझ तुऱ्याची. दर पिढीत असे नर पुन्हा तयार करायचे, तर नोंदवही चोख हवी आणि चांगल्या पिसांचा, भरदार अंगाचा एखादा एकेरी तुऱ्याचा नर खुराड्यात कायम राखायला हवा.