मुंबईचा पाहुणा

मुंबईस येणारा प्रत्येक पाहुणा मौजेखातर येतो असे नाही. कोणी परीक्षेस येतो, कोणी नोकरीच्या मुलाखतीस. कोणाचा आप्त परळच्या रुग्णालयात उपचार घेत असतो आणि त्याच्या उशाशी बसण्यासाठी घरातील एकजण सोलापूर-बीडकडून आलेला असतो. काम आटोपते, अथवा डॉक्टर ‘आता उद्या या’ असे सांगतात, आणि त्या पाहुण्याच्या हाती एक मोकळा दिवस पडतो. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे बांधून ठेवलेले असतात. उरलेल्यांत दोन वेळचे जेवण बसवावयाचे असते. एवढ्या मोठ्या नगरीत आपल्यासारख्याने काय पाहावे आणि कोठे खावे, या विचाराने तो बावरून जातो. परंतु खरे पाहता या शहरात जे प्रेक्षणीय आहे, त्यातील पुष्कळसे रस्त्यावर उभे राहून फुकट पाहता येते. आणि येथील स्वस्त खाण्याची परंपरा तर अशा हलक्या खिशाच्या परस्थांसाठीच निर्माण झालेली आहे.

ज्या स्थानकात तो उतरतो, तेथूनच पाहण्यास आरंभ करावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये रोज लक्षावधी माणसे येतात-जातात, पण बाहेर पडल्यावर मागे वळून पाहणारे त्यांत थोडेच. रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर यावे आणि मान वर करून त्या इमारतीकडे पाहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यकाराने तिचा आराखडा केला. १८७८ साली काम सुरू झाले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे व दुसरीकडे वाघ; सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडे, पाने, फुले अशी जी नक्षी आहे, तिच्यातील बरीचशी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. २००४ साली या वास्तूचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. येथेच पूर्वी बोरीबंदर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी याच बोरीबंदराहून ठाण्याकडे आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि पुढे साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, असा तो थाट होता.

येथून गेटवे ऑफ इंडियापर्यंतची वाट दोन-अडीच किलोमीटरची आहे. ती पायीच चालावी. दादाभाई नौरोजी मार्गाच्या दुतर्फा इमारतींच्या तळमजल्यावर दगडी कमानींचे ओटे आहेत. त्यांच्या सावलीतून गेले म्हणजे उन्हाचा त्रास होत नाही व पावसाळ्यात छत्रीचे कामही भागते. पुढे हुतात्मा चौक लागतो. १८६४ सालचे फ्लोराचे कारंजे व त्याच्या शेजारी हाती मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक, अशी दोन काळांची दोन शिल्पे येथे जवळजवळ उभी आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले, त्यांची ही जागा. येथे क्षणभर थांबल्यावाचून मराठी माणसाने पुढे जाऊ नये.

तेथून जवळच ओव्हल मैदान आहे. या मैदानाच्या मध्यावर उभे राहिले म्हणजे एक मोठी गंमत दिसते. पूर्वेकडे मुंबई विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा. हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्याची उंची सुमारे २८० फूट आहे. प्रेमचंद रायचंद या धनिकाने त्यासाठी पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव त्यास मिळावे अशी इच्छा धरली. पश्चिमेकडे पाहावे, तर टोकदार कमानी नाहीत की दगडी नक्षी नाही. गोलाई दिलेले सज्जे असलेली सिमेंटची घरे रांगेने उभी आहेत. विसाव्या शतकात समुद्र हटवून जी जमीन मिळविली, तिच्यावर ती बांधलेली आहेत. मधल्या हिरवळीवर मुले क्रिकेट खेळत असतात. त्यांना या दोन शतकांचे काहीच वाटत नाही! मैदानाच्या दोन्ही अंगांच्या या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

गेटवे ऑफ इंडियाची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज व राणी मेरी १९११ सालच्या डिसेंबरात येथील पालवा बंदरावर उतरली, त्याचे हे स्मारक. परंतु त्या वेळी कमान उभी राहिलेली नव्हती, त्यामुळे ही दगडी कमान काही राजाला पाहावयास मिळाली नाही. जॉर्ज विटेट याने तिचा आराखडा केला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली. पुढे जे घडले ते बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून चालत जाऊन जहाजावर चढली. राजाच्या आगमनासाठी उभारलेले द्वार राज्याच्या निर्गमनास उपयोगी पडले. १९६१ सालच्या प्रजासत्ताक दिनी तिच्यासमोर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. आज तेथे कबुतरे दाणे टिपतात व खेड्यांतून आलेली कुटुंबे छायाचित्रे काढून घेतात.

दिवस पुरेसा असेल आणि पावसाळा नसेल, तर येथून बोटीने घारापुरीस जावे. सोमवारी मात्र लेणी बंद असतात. साधारण तासाभराचा जलप्रवास आणि मग शंभरावर पायऱ्यांची चढण. शिदोरी पिशवीत झाकून न्यावी, कारण वाटेवरील माकडे पाहुणचाराची वाट पाहत नाहीत. लेण्यातील शिवाची त्रिमूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे. अंधारात डोळे सरावले म्हणजे मधला शांत चेहरा हळूहळू उजळत जातो, आणि बडबडणारी मंडळीही आपोआप गप्प होतात. या बेटावर पूर्वी दगडाचा एक प्रचंड हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. इंग्रजांनी तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न केला, पण उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्यास, राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्यांचा मुक्काम परळकडे आहे, त्यांना हे ठिकाण अगदी हाकेच्या अंतरावर. १८७२ साली उघडलेले हे संग्रहालय व शेजारची बाग बुधवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे. घारापुरीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईचे दिवे जेथून रात्री लखलखताना दिसतात, त्या या बेटावरील गावांत समुद्राखालून तारा टाकून कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली.

आता पोटापाण्याकडे वळू. मुंबईत स्वस्त अन्न कसे मिळू लागले, हे समजण्यासाठी गिरणगावात गेले पाहिजे. परळ, लालबाग, वरळी या भागांत कापडाच्या गिरण्या होत्या आणि त्यांत कोकणातून व घाटावरून आलेले हजारो पुरुष काम करीत. बायकामुले गावी, आणि येथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण. त्यांना भाजी-भाकरी कोणी करून घालावी? चाळीतील बायांनी हे काम अंगावर घेतले. पहाटे उठून चुलीपुढे बसावे, वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे रांधावे आणि पैशाची वाट महिनाअखेरपर्यंत पाहावी. वाण्याची उधारी वाढे, दागिने सावकाराकडे जात. गिरणीत संप झाला म्हणजे जेवणारा आणि जेवू घालणारी दोघेही अडचणीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या, आणि खाणावळीही विरळ झाल्या. ज्या जागी भोंगे वाजत, तेथे आता काचेच्या उत्तुंग इमारती आहेत. तरीही मराठी वस्तीत एखादी खाणावळ किंवा छोटे उपहारगृह सापडते. तेथे बसून आमटी-भात, उसळ आणि चपाती यांचे ताट घ्यावे. बाहेरच्या झगमगाटी हॉटेलातील एका पदार्थाच्या किमतीत येथे पोटभर जेवण होते.

घाई असणाऱ्याचा आधार म्हणजे वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो प्रथम विकला जाऊ लागला, असे सांगतात, आणि त्या संदर्भात अशोक वैद्य यांचे नाव घेतात. गाडी पकडण्यासाठी धावणाऱ्या माणसाला ताट-वाटी नको, बसण्यास जागा नको. एका हातात मावेल असे अन्न त्याला हवे होते. मौजेची गोष्ट अशी की, या अस्सल मुंबईच्या खाद्यातील पाव पोर्तुगीजांचा, बटाटा व मिरची त्यांनीच समुद्रापलीकडून आणलेली. आपले काय ते बेसन आणि तळण्याची कला! माटुंग्याकडे उडुपी पद्धतीची उपहारगृहे आहेत. तेथे इडली-डोसा वाजवी भावात व स्वच्छ मिळतो. रस्त्याच्या कोपऱ्यांवर असणारी इराण्यांची चहाची दुकाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. एखादे दिसल्यास संगमरवरी टेबलाशी बसून ब्रून-मस्का चहात बुडवून खावा. काही वर्षांनी तो खावयास मिळेलच असे नाही. खिसा अगदीच रिकामा असेल तर दादरच्या गुरुद्वारात लंगर चालतो. तेथे कोणाची जात विचारीत नाहीत की पैसे मागत नाहीत. डोके झाकून पंक्तीत बसावे, एवढीच अट.

खाण्याची गाडी कशी ओळखावी? जेथे गर्दी आहे आणि कढईतील तेल तापलेले आहे, तेथे पदार्थ ताजा असतो. कापून उघड्यावर ठेवलेली फळे व बर्फ घातलेली सरबते स्वस्त असली तरी टाळावीत. परगावी आजारी पडणे फार महाग पडते. पाण्याची बाटली घरूनच आणावी.

प्रवासासाठी लोकलगाडीइतके स्वस्त व जलद साधन नाही. परंतु सकाळी दक्षिणेकडे व संध्याकाळी उत्तरेकडे कचेरीच्या माणसांचा जो लोंढा वाहतो, त्यात पाहुण्याने शिरू नये. सकाळी अकरानंतर जावे. चालत्या गाडीत चढणे अथवा दारात लोंबकळणे हे शौर्य नव्हे. त्यापायी दरवर्षी कित्येक घरे उजाड होतात. तिकीट जपून ठेवावे, आणि गाडी जलद की धीमी हे चढण्यापूर्वीच कोणास तरी विचारावे. मुंबईचा माणूस थांबणार नाही, पण चालता चालता उत्तर नक्की देईल.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर यावे. भेळेचा एक पुडा दोघांत पुरतो. वाळूच्या कडेला लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. लोकमान्यांचे घर पुण्यास. मुंबईत ते आले म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. तेथेच १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा अंत झाला आणि लाखोंच्या समुदायाने, भर पावसात, या वाळूवर त्यांना अखेरचा निरोप दिला. अंधार पडू लागतो, मरीन ड्राइव्हचे दिवे वळणावळणाने पेटत जातात. रुग्णालयात भेटण्याची वेळ होत आलेली असते. पाहुणा उठतो, कपड्यांवरील वाळू झटकतो, आजाऱ्यासाठी घेतलेली दोन केळी पिशवीत नीट ठेवतो आणि चर्नी रोड स्थानकाची वाट विचारतो.